सहा चाळीसची बांगडी

सलग अकराव्या सकाळी बांगडी उमटली नाही, तेव्हा पाखरंवालीने चहाचा कप तसाच बाजूला सारला.

हे नाव तिला हवामान केंद्रातल्या लोकांनी दिलं होतं. रडारच्या लहरी पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात, तशाच उडत्या पाखरांवरूनही येतात. केंद्रातल्यांना पाखरं म्हणजे कचरा, आणि पाखरांचा अभ्यास करणाऱ्या हिला पाऊस म्हणजे कचरा. "आमचं उरलंसुरलं तुमच्या ताटात," असं म्हणत जुने रडारमास्तर नऊ वर्षं तिला रोज सकाळची चित्रं पाठवत आले. हिवाळ्यात शहराबाहेरच्या तळ्यात, उंच पाणकणसांच्या बेटात, भिंगऱ्या, म्हणजे पाकोळ्यांसारखी चिमुकली पाखरं, झोपायला येत. ऐंशी हजार तरी असतील. सकाळी सहा चाळीसच्या सुमाराला त्या एकदम उठून चहूकडे पांगत, आणि चित्रात तळ्याभोवती एक बारीक कडं उमटे. दर चित्रागणिक ते मोठं होत जाई. त्याला बांगडी म्हणायला सुरुवात तिच्या ताईने केली होती.

यंदा पाणी तुंबतंय म्हणून तळ्याच्या अभियंत्याला पाणकणसं कापायची होती. तिने नऊ वर्षांच्या बांगड्या मांडून हिशेब केला आणि सहीनिशी लिहून दिलं: एक तृतीयांश कापायला हरकत नाही, उरलेल्यात पाखरं राहतील. कापणी झाली, आणि दुसऱ्या सकाळपासून चित्र कोरं.

एका संध्याकाळी ती तळ्यावर जाऊन अंधार पडेपर्यंत उभी राहिली. एक बगळा दिसला. तोही तिच्याकडे पाहून निघून गेला.

काल अभियंत्याचा फोन आला होता. "मॅडम, पाखरं गेलीच असतील तर उरलेलंही काढून घेतो. शुक्रवारी यंत्र येतंय. तुमचं एक पत्र लागेल फक्त."

आज बुधवार होता.

ताईचं शिवणकाम खालच्या खोलीत चाले. दोघी बहिणी एकाच घरात राहत, आणि दहाच्या चहाला ताई वर येई. आज वर आली तर टेबलभर कागद. एका बाजूला गेल्या वर्षीची अकरा चित्रं, दुसऱ्या बाजूला यंदाची.

"न्याहारी केलीस?"

"भूक नाही."

"कशी असेल? ऐंशी हजार पाखरं पोटात घेऊन बसलीयेस."

"ताई, चेष्टा नको. माझ्या सहीने झालंय हे."

"तू कापायला गेली होतीस का विळा घेऊन?"

"विळा परवडला असता. तो थोडंच कापतो."

ताईने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि शिंपिणीच्या सवयीने दोन कापडं जुळवावीत तसे दोन कागद शेजारी शेजारी धरले. मग आणखी दोन. मग सगळेच.

"हे नवे कागद धुतलेत का गं?"

"म्हणजे?"

"जुन्या प्रत्येकावर इथे डावीकडे हा डाग आहे. एकाच जागी. नव्यांतल्या एकावरही नाही."

"तो डाग नाही, टेकडीवरचा मनोरा आहे. तो नेहमीच…" ती थांबली.

भिंगऱ्या कुठेही जाऊ शकतात. टेकडी कुठे जाणार?

आपण नऊ वर्षं तो ठिपका पाहत होतो, म्हणून तो दिसेनासा झालेला दिसला नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली. तिने फोन उचलला. जुने रडारमास्तर कापणीच्याच आठवड्यात निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ फार टापटिपीचे होते.

"हो मॅडम, साफ करूनच पाठवतो मी," ते अभिमानाने म्हणाले. "आधीचे तसाच गाळ पाठवायचे. म्हटलं, अभ्यास करणाऱ्या बाईंना असलं काय द्यायचं? डोंगर, पक्षी, किडे, सगळं काढून टाकतो."

तिने यंदाचे अकरा कोरे कागद एकावर एक रचले.

"मॅडम? काही राहिलंय का त्यात?"

"नाही हो. काहीच राहिलेलं नाही. मूळ नोंदी आहेत ना?"

"पंधरा दिवस ठेवतो. मग पुसल्या जातात."

"हात लावू नका. मी निघाले."

केंद्रात पोचली तेव्हा ते गृहस्थ उभेच होते. प्रकार एव्हाना त्यांच्या ध्यानात आला असावा, कारण त्यांनी न विचारताच तिला स्वतःची खुर्ची दिली. पडद्यावर आजच्या सकाळच्या मूळ नोंदी उघडल्या. डावीकडे मनोऱ्याचा हट्टी ठिपका. आणि सहा चाळीसला एक बारीक, फिकट, पण अख्खं कडं.

तिचा जीव भांड्यात पडला. पण लगेच तिने पट्टी घेतली, कारण कड्याचा मध्य तळ्यावर नव्हता. चार किलोमीटर पूर्वेला सरकला होता. अकराही दिवस तिथेच.

"तिथे काय आहे?" तिने विचारलं.

गृहस्थांनी नकाशा पाहिला आणि संकोचून म्हणाले, "शहराचं सांडपाणी, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दोघी बहिणी सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्राच्या कुंपणापाशी उभ्या होत्या. शेवटच्या तळ्यात, पाणी गाळून निघावं म्हणून लावलेली पाणकणसं माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. ताईने नाकाला रुमाल लावला होता.

"यांना दुसरी जागा मिळाली नाही?"

"गप्प. ऐक."

आधी नुसती कुजबुज झाली. मग पाणकणसं हलली, आणि बेट जमिनीवरून सुटल्यासारखं सगळं एकदम वर आलं. दोघींच्या डोक्यावरून भिंगऱ्या गेल्या, जात राहिल्या. ताईचा रुमाल खाली आला आणि खालीच राहिला.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं होय?" थोड्या वेळाने ती म्हणाली.

पाखरंवाली डोळे पुसत हसली. तिथेच कुंपणाच्या खांबावर वही टेकवून ती शुक्रवारचं पत्र लिहू लागली. पहिलंच वाक्य होतं, 'माझा अंदाज चुकला.' एक तृतीयांश कापणीही पाखरांना सोसली नाही, ती उठून गेली. म्हणून तळ्यातलं उरलेलं बेट राखावं, म्हणजे त्यांना परतायला जागा राहील, आणि इथल्यालाही कोणी विळा लावू नये. चूक कबूल करताना हात इतका हलका चाललेला तिने कधी अनुभवला नव्हता.

पहारेकरी कुरकुरत आला. "तुम्ही खात्याकडून का? बघा, बारा दिवस झाले, रोज येतात. सगळं पांढरं करून ठेवतात. तक्रार कोणाकडे करायची तेच कळत नाही."

"माझ्याकडे करा," ती म्हणाली आणि तिने वहीचं नवं पान उघडलं. "रोज करा. किती वाजता येतात, तेही सांगत जा."