चौसष्ट नंबरचा केदार घाटगे

सुरुची वर्तक मराठी पुस्तकं वाचायला लागली ती केदार घाटगेमुळे. तिचे वडील श्यामकांत वर्तक केंद्र सरकारच्या सर्वेक्षण खात्यात होते. बदली होऊन ते कोलकात्याला आले तेव्हा ती दोन वर्षांची होती. शाळा इंग्रजी, मैत्रिणी बंगाली, बाजारात हिंदी. मराठी फक्त घरात, तेही बोलण्यापुरतं. पण वडिलांच्या कपाटात जयप्रकाश अंबर्डेकरांच्या हेरकथा होत्या, आणि दहाव्या वर्षी तापाने अंथरुणावर असताना तिने त्यातली एक उघडली. पुढच्या दोन वर्षांत तिने सगळ्या संपवल्या.

अंबर्डेकरांच्या नावावर घाटगेच्या एकसष्ट कादंबऱ्या होत्या. एके काळी महाराष्ट्रातल्या प्रत्येक एसटी स्टँडवर त्या मिळत आणि ग्रंथालयांत पानं सुटेपर्यंत वाचल्या जात. घाटगे भारताचा गुप्तहेर, वय कायम अडतीस, पिस्तूल क्वचित वापरणारा, समोरच्याचं बोलणं कान देऊन ऐकणारा. अंबर्डेकर गेले आणि घाटगे थांबला. तीस वर्षांनी पुण्याच्या प्रकाशकाने ठरवलं की मालिका पुढे चालवायची, नव्या लेखकांकडून. बासष्ट आणि त्रेसष्ट नंबरची पुस्तकं पुण्या-मुंबईच्या दोन नामवंतांनी लिहिली. चौसष्टाव्यासाठी मात्र जाहीर आवाहन केलं: कुणीही पहिली पन्नास पानं पाठवावीत.

सुरुची तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. बालीगंजमधल्या एका शाळेत भूगोल शिकवायची, बेहालाच्या फ्लॅटमध्ये वडिलांबरोबर राहायची. आई चार वर्षांपूर्वी गेली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने ती पन्नास पानं लिहिली आणि कुणाला न सांगता पाठवून दिली.

तिच्या कथेत घाटगे कोलकात्याला येतो. बंदरातली गुप्त कागदपत्रं बाहेर जात असतात आणि संशय चार जणांवर असतो. त्यातला एक स्वतःला साताऱ्याचा म्हणवतो. त्याची कागदपत्रं चोख, उच्चार स्वच्छ. घाटगे त्याला चहा विचारतो, तेव्हा तो सहज म्हणतो, "नको, चहा मी खात नाही." बंगालीत चहाही खातात आणि पाणीही खातात. घाटगे ओळखतो, की हा माणूस साताऱ्यात नव्हे, इथेच वाढलाय.

ही चूक सुरुचीने लहानपणी शंभरदा केली होती. आई दर वेळी हसून सांगायची, "अगं, पाणी पितात."

जुलैत पुण्याहून पत्र आलं. मालिकेचे हक्क अंबर्डेकरांच्या मुलीकडे, अनुराधाताईंकडे होते आणि निवड त्यांनीच केली होती. 'पुस्तक पूर्ण करा,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं. सुरुचीने ते पत्र वडिलांच्या हातात दिलं. श्यामकांतरावांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"घाटगे? आपला घाटगे?"

"हो बाबा."

त्या दिवशी त्यांनी नागपूरच्या भावाला, बडोद्याच्या मेहुण्याला आणि महाराष्ट्र मंडळातल्या अकरा जणांना फोन केले.

ऑक्टोबरात पुस्तक पूर्ण झालं. डिसेंबरात अनुराधाताईंचा फोन आला. "मी कोलकात्याला येतेय. तुझ्या पुस्तकातला सियालदहचा रस्ता मला चालून बघायचाय. आणि एक गोष्ट समोरासमोर बोलायची आहे."

अनुराधाताई सहासष्ट वर्षांच्या होत्या. किरकोळ बांधा, सुती साडी, त्यावर पुरुषी स्वेटर, हातात सुरुचीच्या हस्तलिखिताची प्रिंट. सकाळी साडेनऊला त्या सियालदहच्या फलाटावर उभ्या राहिल्या आणि लोकल रिकामी होताना बघत राहिल्या. माणसं डब्यांतून बाहेर पडत नव्हती, ओतली जात होती. डोक्यावर पाट्या, हातात दुधाचे कॅन, खांद्यावर ऑफिसच्या बॅगा.

"पान एकशे बारा," त्या म्हणाल्या. "घाटगेच्या मागे दोघं आहेत. इथून बाहेर पडून भाजीबाजारातून मोठ्या रस्त्याला लागायला तू त्याला नऊ मिनिटं दिलीस. चल."

त्यांनी घड्याळ बघितलं आणि दोघी निघाल्या. स्टेशनाबाहेर, उड्डाणपुलाच्या सावलीतून, मग घाऊक बाजारात. कोबीच्या डोंगरांमधून माणूसभर रुंदीची वाट होती. पाटीवाले मागून येत, आणि बाजूला व्हायला क्षणभरच मिळे. अनुराधाताई दोनदा थांबल्या. एकदा पाटीवाल्याला वाट द्यायला, एकदा टोपलीतल्या कोवळ्या वाटाण्याचा भाव विचारायला. मोठ्या रस्त्यावर पोचल्या तेव्हा सोळा मिनिटं झाली होती.

"जास्त लागली," सुरुची ओशाळून म्हणाली.

"माझ्या गुडघ्याला लागली. घाटगे अडतीसचा आहे. त्याला आठ पुरेत." त्यांनी प्रिंटवर पेन्सिलीने खूण केली. "पण तो कुठेही पळत नाही, हे बरं केलंस. इथे पळणारा माणूस लगेच दिसेल. चालणारा दिसणार नाही."

"तुमच्या बाबांनी एकतीस नंबरमध्ये त्याला सियालदहलाच आणलं होतं. तिथे तो मोकळ्या मैदानातून पळतो."

अनुराधाताई पहिल्यांदा हसल्या. "बाबा नागपूरच्या पुढे कधी गेले नाहीत. टेबलावर नकाशा आणि रेल्वेचं वेळापत्रक, एवढ्यावर त्यांनी अर्धं जग लिहिलं."

दुपारी त्या बेहालाला जेवायला आल्या. श्यामकांतरावांनी सकाळपासून थालीपिठाचं पीठ मळून ठेवलं होतं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नव्या गुळाची संदेश मिठाई आणली होती. जेवताना घाटगेशिवाय दुसरा विषय निघाला नाही. श्यामकांतरावांना पस्तीस आणि चाळीस नंबर पाठ होते. सुरुचीला मात्र शेवटचे आवडत.

"त्रेपन्नपासून पुढचे," ती म्हणाली. "तिथून घाटगे बदलतो. आधी तो खोलीत शिरला की दारं-खिडक्या मोजतो. त्रेपन्नपासून तो माणसांचे हात बघतो. त्याला भूक लागते. भीती वाटते. आणि बायका फक्त रहस्य सांगून मरत नाहीत, त्या त्याला चुका दाखवतात. माझा घाटगे मी तिथून उचलला."

अनुराधाताईंचा हात ताटावर थांबला.

हात धुतल्यावर त्या खुर्चीत नीट बसल्या. "आता ती गोष्ट. पुस्तक छापायचं हे नक्की आहे. पण प्रकाशक विवेक कानिटकरांचं म्हणणं आहे की कोलकात्याची अनोळखी शिक्षिका कव्हरवर असली तर पुस्तक उचललं जाणार नाही. बासष्ट नंबर लिहिणारे लेखक या पुस्तकाला नाव द्यायला तयार आहेत. ते भाषेवरून हात फिरवतील. तुझं नाव आत, आभारात. मानधन तुला पूर्ण."

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

श्यामकांतराव हळूच म्हणाले, "आत असलं तरी नाव छापून येईलच ना, सुरुची? पहिलंच पुस्तक आहे. पुढे..."

"नाही, बाबा." ती उठून उभी राहिली. आवाज चढला नव्हता. "अनुराधाताई, माझ्या मराठीत चुका आहेत, मला माहीत आहे. शब्दांची लिंगं चुकतात. तुम्ही सगळ्या दुरुस्त करा, मी बसून शिकेन. पण ते पुस्तक मी लिहिलंय. त्या बाजारातून मी वीस वेळा चालले. चहाची ती चूक माझी आहे, माझ्या तोंडातली. ती दुसऱ्या कुणाच्या नावावर जाणार असेल तर पुस्तक नको. पन्नास पानं परत द्या, बाकीची पण द्या."

श्यामकांतराव तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे तिचं. मी उगाच बोललो."

अनुराधाताईंनी स्वेटरच्या बाहीने चष्मा पुसला, तो परत लावला नाही. "मी तीस वर्षांची असताना," त्या म्हणाल्या, "हे म्हणायला हवं होतं. मला जमलं नाही."

दोघांना काही कळेना.

"बावन्नावं पुस्तक अर्धं झालं आणि बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. मी त्यांची टाइपिस्ट होते, बारा वर्षं. बावन्नावं मी पूर्ण केलं ते त्यांच्या टिपणांवरून. त्रेपन्नाव्याला टिपणंच नव्हती. विवेकचे वडील तेव्हा प्रकाशक होते. ते म्हणाले, लिही, पण घाटगे एक बाई लिहिते हे कळलं तर खप बसेल. घर चालायला हवं होतं. मी लिहिलं. नऊ पुस्तकं. बाबा गेले तेव्हा घाटगेही संपवावा लागला, कारण मेलेला माणूस पुस्तकं लिहीत नाही."

सुरुची परत खुर्चीत बसली. "म्हणजे त्रेपन्न ते एकसष्ट..."

"माझी. तीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. समीक्षकांनी लिहिलं, अंबर्डेकर उतारवयात परिपक्व झाले. आज जेवताना तू नंबर सांगितलास, बरोबर नंबर. मला घास गिळता आला नाही." त्या थांबल्या. "वाईट वाटलं म्हणून नाही. फार बरं वाटलं."

श्यामकांतराव आत गेले आणि पाण्याचा पेला घेऊन आले. तो अनुराधाताईंच्या हातात देताना ते एवढंच म्हणाले, "सत्तावन्न नंबर वाचून आमची ही रडली होती. हेरकथा वाचून रडणारी बाई मी तेव्हाच बघितली."

अनुराधाताईंनी तिथूनच विवेक कानिटकरांना फोन लावला. सुरुची उठून जाऊ लागली तर त्यांनी हाताने खूण करून तिला बसवलं. त्यांचं बोलणं लांबलं नाही. हक्क माझे आहेत, त्या म्हणाल्या. कव्हरवर सुरुची वर्तक हे नाव असेल, एकटं. नसेल तर चौसष्ट, पासष्ट, काहीच निघणार नाही. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "विवेक, तुझ्या वडिलांनी मला हेच सांगितलं होतं, शब्द न् शब्द. तेव्हा मी ऐकलं. आणि जुनी नऊ पुस्तकं पुन्हा छापशील तेव्हा त्यांच्यावर कुणाचं नाव घालायचं, ते मी उद्या लिहून पाठवते."

प्रकरण एका फोनने मिटलं नाही. जानेवारीभर कानिटकर टाळाटाळ करत राहिले. फेब्रुवारीत त्यांनी दोन्ही नावं घालण्याची तडजोड सुचवली. अनुराधाताईंनी उत्तरच दिलं नाही. मार्चमध्ये करार आला आणि त्यात लेखिका म्हणून एकच नाव होतं.

तोपर्यंत रोज संध्याकाळी सातला त्या दोघी फोनवर बसत. अनुराधाताई एकेक वाक्य घेत. "रस्ता ती नव्हे, तो." "वास येते नाही, येतो." सुरुची लिहून घेई. कधी ती अडून बसे. "हमालाच्या तोंडचं वाक्य मी बदलणार नाही. तो बिहारचा आहे, इथे बंगाली मोडकी बोलतो, मग मराठीतही ती मोडकीच हवी." मग अनुराधाताई ते वाक्य पुन्हा वाचत आणि म्हणत, "ठेव. तुझं बरोबर आहे." एकदा त्यांनी विचारलं, "शेवटी त्या खोट्या सातारकराला घाटगे जाऊ देतो, असं का केलंस? बाबांनी गोळी घातली असती."

"तुम्ही घातली असती?"

"नसती घातली," त्या म्हणाल्या.

पुस्तक ऑगस्टमध्ये निघालं. प्रकाशन पुण्यात करायचं ठरत होतं, पण सुरुचीने कोलकात्याचा हट्ट धरला. दक्षिण कोलकात्यातल्या मंडळाच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं जमली: बँकेतल्या बदलीच्या नोकरीतली कुटुंबं, आयटीतली नवी जोडपी, सुरुचीच्या शाळेतल्या बंगाली शिक्षिका, ज्यांना मराठी कळत नव्हती पण साड्या नेसून पहिल्या रांगेत बसायचं होतं. विवेक कानिटकर विमानाने आले होते. त्यांनी भाषणात मालिकेच्या दिवंगत निर्मात्याबद्दल गौरवाने सांगितलं.

मग अनुराधाताई उठल्या. कागद न घेता त्या बोलल्या. वडिलांनी घाटगे जन्माला घातला, बावन्न पुस्तकं त्याला सांभाळलं, त्याचा मला अभिमान आहे, त्या म्हणाल्या. त्रेपन्न ते एकसष्ट मी लिहिली, त्याचाही आहे. दिवाळीत ती माझ्या नावाने येतील. "आणि चौसष्ट नंबर वाचताना मला पहिल्यांदा असं झालं की घाटगे पुढे काय करणार हे मला माहीत नव्हतं. लिहिणाऱ्याला हे सुख मिळत नाही. ते मला सुरुचीने दिलं."

मग मागच्या रांगेतून टाळी सुरू झाली, आणि बंगाली बायकांनी काही न कळताही ती उचलून धरली. श्यामकांतराव उभे राहून वाजवत होते. शेजारच्याने त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

सुरुचीला बोलायला सांगितलं तेव्हा ती माइकजवळ गेली. इतक्या मराठी माणसांसमोर ती मराठीत कधी बोलली नव्हती. पहिल्याच वाक्यात एका शब्दाचं लिंग चुकलं आणि समोरची दोन-तीन मुलं हसली. तिने चूक स्वतःच दुरुस्त केली, मुलांकडे बघून हसली आणि पुस्तकाचं पहिलं पान मोठ्याने वाचायला सुरुवात केली.