राकीबरोबर वाढलेली भीती

त्या दिवशी माझ्या दिराच्या, कोलच्या, मी सगळ्या पाहुण्यांदेखत थोबाडीत दिली असती. दिली नाही, कारण माझे दोन्ही हात पाश्ककाकांच्या मोडक्या मनगटाला फळी बांधण्यात गुंतले होते.

पाश्ककाका म्हणजे माझे चुलतसासरे. वय एकाहत्तर. मे महिना लागला की मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर जातात, ते बर्फ पडायच्या आधी खाली येतात. आयुष्यात त्यांनी कुणाला बोट लावलेलं नाही. आणि त्यांचेच डोळे टोमॅटोसारखे लाल झाले होते, हात कोपरापर्यंत सुजला होता.

आमचं गुर्रेझा म्हणजे डोंगराच्या कुशीतली नऊ घरं. नवरा इटलीत, बेर्गामोत, बांधकामावर. मीही सात वर्षं तिथे एका म्हातारीची सेवा केली, आणि परत येऊन घराच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. पाठीवर बोचकं घेऊन डोंगर ओलांडणारी पोरं-पोरी येतात. दारात पाय ठेवला की पहिला प्रश्न एकच, "इथे धोका नाही ना?"

बोग्नानेही तेच विचारलं. पोलंडची पोरगी, वय चोवीस, एकटी. बोलोन्यात वर्षभर शिकलेली, म्हणून आमचं इटालियनमध्ये छान जमलं. बोचक्याच्या पट्ट्याला मिरचीच्या फवाऱ्याची छोटी बाटली लटकत होती. मी तिला सांगितलं, "तीन गोष्टींना भी. मेंढ्यांची कुत्री आली तर पळू नकोस, उभी राहा आणि धनगराला हाक मार. पाऊस झाल्यावर नदीत उतरू नकोस. आणि वरच्या वाटेने जाऊ नकोस, तिथल्या घळीत अजून बर्फ आहे. वरून घट्ट दिसतं, खालून झऱ्याने पोखरलंय. खालची वाट धर, गिरणीवरून जाणारी." तिने सगळं वहीत लिहून घेतलं. शहाणी वाटली मला.

संध्याकाळी कोल राकीची, घरच्या दारूची, बाटली घेऊन पाहुण्यांत बसला. हे त्याचं रोजचं. बापाचं जुनं पिस्तूल टेबलावर ठेवायचं, मिशी पिळायची, आणि रक्तवैराच्या गोष्टी सुरू. कुणी कुणाच्या आज्याला मारलं, कोण कुठल्या खिडकीतून नेम धरून बसलंय. आमच्या जुन्या दगडी कोठारावर त्याने पाटीही लावली होती, 'वैराची गढी'. त्या कोठारात माझे सासरे मका ठेवायचे. पण पाहुणे तिथे फोटो काढायचे, अंगावर काटा आल्यासारखं करायचे, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचे मित्र यायचे. म्हणून मी कधी काही बोलले नाही. त्या संध्याकाळीही बोलले नाही. भाकरी जळेल म्हणून आत गेले.

सकाळी बोग्नाची खोली रिकामी. न्याहारीसुद्धा न करता पोरगी उजाडायच्या आतच मागच्या दाराने गेलेली. मला वाटलं, असतात अशी घाईची माणसं.

सहाच्या सुमारास फोन वाजला. पाश्ककाका होते.

"मरिका, तुझ्याकडची पाहुणी घळीकडे गेली. धाव."

"तुम्ही अडवा ना तिला, काका!"

"अडवली. आता मला दिसत नाहीये काही. तू ये."

मनगटाबद्दल अवाक्षर नाही.

मी दोर उचलला आणि निघाले. तासाभराची चढण, कशी चढले मला ठाऊक नाही. काका झऱ्यापाशी बसून डोळ्यांवर पाणी मारत होते. दोन्ही कुत्री शेजारी गप्प बसलेली. उजवा हात मांडीवर ठेवला होता, विचित्र वाकडा.

"हे काय झालं?"

"काही नाही. तिने काहीतरी उडवलं तोंडावर, मी दगडावर पडलो. माझ्याकडे काय बघतेस? तिकडे जा! बर्फ पोकळ आहे."

ती घळीच्या बरोबर मधोमध होती. एक पाय मांडीपर्यंत बर्फात गेलेला, बोचक्याच्या वजनाने कुशीवर कललेली. खालून पाण्याचा आवाज येत होता. मला बघताच तिने ती बाटली माझ्यावर रोखली.

"जवळ येऊ नका! तुम्हाला त्यानेच पाठवलंय ना? कोलने?"

माझं डोकंच फिरलं. खाली एक म्हातारा आंधळ्यासारखा बसलाय, ही बया बर्फाच्या पापडावर लोंबकळतेय, आणि वर माझ्यावरच नेम धरते!

"हो, मार!" मी ओरडले. "मार माझ्या डोळ्यांत, हवं तेवढं मार! पण आधी पाठीवरचं ते ओझं सोड आणि पालथी पड! पडतेस की नाही? तू खाली गेलीस तर तुझं प्रेतसुद्धा ऑगस्टशिवाय सापडायचं नाही, कळतंय का?"

माझा तसला आवाज आत्तापर्यंत फक्त माझ्या लेकीने ऐकलाय. बोग्नाने पट्टे सोडले. मी दोर फेकला, तिने तो काखेखालून घेतला, पाय उपसून पालथी पडली, आणि आपल्याच पावलांच्या खुणांवरून इंच इंच मागे सरकू लागली. ती काठाला लागली तोच मागचं बर्फ भसकन बसलं. बोचकं त्या भोकातून खाली गेलं. पाण्यात आपटल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

पोरगी पांढरीफटक. मी तिला मिठीबिठी मारली नाही. दंडाला धरून ओढतच काकांकडे आणली.

"बघ. डोळे उघडून बघ. कुणाला आडवं केलंस ते बघ! हा माणूस तुला 'बर्फ, बर्फ' म्हणून सांगत होता!"

तिने तो सुजलेला हात पाहिला आणि काकांशेजारी खाली बसली. रडत रडत म्हणाली, "मला तुमची भाषा कळत नाही. एक माणूस काठी घेऊन ओरडत अंगावर आला, मागे दोन कुत्री. त्याने माझा पट्टा धरला. मी एकटी होते. मी काय समजायचं होतं?"

माझी लेक राजधानीत, तिरानात शिकते. तिला बसमध्ये बसवताना तिच्या पिशवीत तसलीच बाटली मीच घातली होती. वर सांगितलंही होतं, कुणी अंगाला हात लावला तर विचार करत बसू नकोस.

राग गेला नाही. नुसता जागा शोधत राहिला.

"काय म्हणते ती?" काकांनी विचारलं. मी सांगितलं.

"बरोबर आहे तिचं," काका म्हणाले. "हे थोबाड बघून तुझी सासूही पहिल्या दिवशी माहेरी पळाली होती. पण तिला विचार, खालची सरळ वाट सोडून ही वर का मेली?"

मी विचारलं. तिने सांगितलं ते असं: मी भाकरीकडे गेल्यावर कोल तिला म्हणाला की वहिनीचं ऐकू नकोस. गिरणीवाल्यांच्या अंगात खुनाचं रक्त आहे. गेल्या वर्षी त्या वाटेवर एक प्रवासी गायब झाला. एकटी बाई तिथून सुखरूप जाऊच शकत नाही, मी सोबत आलो तरच. पहाटे निघू, फक्त आपण दोघं. हे म्हणताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. म्हणून ती उजाडायच्या आत पळाली, आणि गिरणीची वाट टाळून वर आली.

प्रवासी गायब झालाच नव्हता. गिरणीवाल्यांशी कोलचं भांडण होतं ते पाटाच्या पाण्यावरून.

आम्ही तिघं अंगणात उतरलो तेव्हा कोल पाहुण्यांसोबत कॉफी पीत होता.

"अरे वा, सापडली का पोरगी? सांगितलं होतं ना, माझ्याशिवाय जाऊ नकोस म्हणून!"

मी काकांना बाकावर बसवलं, फळी बांधायला घेतली. एरवी मी त्याला भाऊजी म्हणते.

"कोल, गिरणीच्या वाटेवर कोण गायब झालं? नाव सांग."

"अगं वहिनी, गंमत होती. पाहुण्यांना आवडतं असलं."

"आणि खांद्यावरचा हात? तीही गंमत?"

तो पाहुण्यांकडे बघून हसला. "हात काय, लेकीसारखी आहे ती."

"लेकीला पहाटे एकटीला बोलावतात? माझा सख्खा मामा वैरापायी, गोळीच्या भीतीने, अकरा वर्षं उंबऱ्याबाहेर पडला नाही, कोल. अकरा वर्षं! मामी शेत नांगरायची आणि तो खिडकीच्या फटीतून बघायचा. त्याची तू राकीबरोबर चटणी केलीस. आणि मी ऐकून घेतलं, कारण खोल्या भरत होत्या. थू माझ्यावर! पण आजपासून नाही. ती पाटी काढ."

"पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"त्यांच्यासमोरच काढ!"

तो हलला नाही. तेव्हा काका बोलले, अगदी हळू.

"आपल्या छपराखाली आलेल्या पाहुण्याला आपण काय वाढतो रे, कोल? भाकरी, मीठ, जे असेल ते. तू भीती वाढलीस. तुझा बाप असता तर त्याने तुला या घरात पाणी दिलं नसतं. माझा हात जुळेपर्यंत मेंढ्यांमागे तू जायचंस. आज. आत्ता."

आमच्याकडे काकांचा शब्द कुणी मोडत नाही. कोलने पाटी काढली, पिस्तूल माझ्यासमोर आपटलं, आणि काठी घेऊन गेला. जाताना बोग्नाकडे बघितलंसुद्धा नाही. माफी मागणं तर दूरच.

मी काकांना गाडीने तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन आणलं. दोन ठिकाणी हाड मोडलं होतं. बोग्ना तीन दिवस राहिली. काकांना भाकरी मोडून द्यायची, त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याची बायको दारात उभी, डोक्यावर ते बोचकं. झऱ्याने वाहत गिरणीच्या जाळीपाशी आणलं होतं. कपडे वाळवून, घड्या घालूनच आणले होते तिने. वर अक्रोडाची पुरचुंडी. तिसऱ्या दिवशी तीच पुन्हा न्यायला आली आणि बोग्ना तिच्या सोबतीने गिरणीच्या वाटेने गेली. बाटली पुन्हा पट्ट्याला लटकत होती. मी काढून टाक म्हटलं नाही.

माझा राग मात्र अजून उतरलेला नाही. कोलवरचा नाही, माझ्यावरचाही नाही.

परवा दोन डॅनिश पोरी आल्या. दारातच विचारलं, "इथे धोका नाही ना?" कोल मीठ न्यायला कुरणावरून खाली आला होता, कोपऱ्यात बसून जेवत होता.

"आहे," मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं. "कुत्र्यांचा आहे, नदीचा आहे, वरच्या घळीचा आहे. माणसांपैकी एकाचाच आहे. जो राकी पाजून सांगतो की माझ्याशिवाय तू मरशील, त्याच्यापासून लांब राहा. तो तिथे बसलाय, ताक पितोय."

पोरींनी वळून पाहिलं. कोलला इंग्रजी चांगलं येतं. त्याने ताक अर्धं टाकलं, मिठाची पिशवी खांद्यावर मारली आणि चालू लागला. बाकावरून काकांनी डाव्या हाताने खूण करून मला विचारलं, काय बोललीस? मी म्हटलं, "काही नाही काका. वाट सांगितली."