बाह्य फलन

पिनचं एक टोक आत नीट वळलेलं नव्हतं. ते एलिसाच्या अंगठ्याला बोचत होतं, आणि तरी ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली – दोन पिना, एक वर, एक खाली, आणि त्यांच्या मध्ये दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली मानवी प्रजननाची पानं, वाण्याच्या पुडीसारखी बंद. वर्गातल्या प्रत्येक पुस्तकाला अशाच. दोन पालकांची तक्रार आली म्हणून मुख्याध्यापिका जोआना मॅडमनी सगळी पुस्तकं ऑफिसात मागवून शिपायाकडून त्या मारून घेतल्या होत्या.

"पालकसभेत ठरेपर्यंतच गं."

"आणि बोर्डाला प्रश्न आला तर?"

"तेव्हा काढू. पिनाच आहेत, शिवण नाही घातलेली."

एलिसाला हसू आलं नव्हतं. मूर्खपणाचं तिला हसू येत नसे. ती त्याची फक्त मनात नोंद करी आणि तो बाजूला ठेवून देई, बिघडलेला नमुना ठेवावा तसा... असे नमुने आता तिच्याकडे बरेच जमले होते.

मग माणसांऐवजी तिने मासे शिकवले. "मासे चालतील," मॅडम म्हणाल्या होत्या, "मासे काय, सगळेच खातात." आणि तो तास – हे मान्य करायला तिला संकोच वाटत नव्हता – उत्तम झाला होता. माहेरून, पाचूबंदरहून, ताजं बोईट आणून तिने ते वर्गासमोर चिरलं, पिवळ्या गाबोळीच्या दोन फाका ट्रेमध्ये मांडल्या, आणि मागच्या बाकावरून "टीचर, तळायला घ्या" असं आलं तेव्हा न चिडता म्हणाली, ही गाबोळी म्हणजे मादीची अंडी. मादी ती पाण्यात सोडते, नर त्याच पाण्यात शुक्रपेशी सोडतो, दोघांचा एकमेकांना स्पर्शही व्हावा लागत नाही. याला म्हणतात बाह्य फलन. पहिल्या बाकावरची सलोनी तेवढी मान वर करून ऐकत होती. बाकीचे बोईटाचा भाव काढत होते.

आज सकाळी तीच सलोनी प्रयोगशाळेच्या दारात उभी होती.

"टीचर, त्या पाण्यात किती वेळ जगतात?"

"कोण?"

"शुक्रपेशी. आणि पाणी खूप असलं तर... लांबून पण पोचतात?"

"हे परीक्षेला नाही, सलोनी."

"नाही, असंच."

"एवढी आवड असेल तर मोठेपणी मत्स्य खात्यात जा. आता वर्गात जा."

मुलगी गेली. परीक्षेला नसलेलं विचारणारी मुलं एलिसाला एके काळी आवडत असत. आता तिला त्यांच्या प्रश्नामागे काहीतरी चावट खुसपुसणं ऐकू यायचं, आणि त्याचा कंटाळा.

दुपारी सभा. हॉलच्या दाराशी पालक संघाचे पांडुरंगभाऊ फोनवर होते, आणि त्यांचा आवाज सगळ्या व्हरांड्यात घुमत होता – "म्हैस माजावर आलीय ना? मग डॉक्टरला आत्ताच बोलव. मागच्या टायमाला उशीर केलास, गाभण राहिली नाय..." फोन खिशात टाकून ते आत आले, पहिल्या रांगेत बसले, आणि पाळी आल्यावर – त्यांची बोलायची पाळी आल्यावर – उभे राहून म्हणाले, "आमचं एकच म्हणणं आहे मॅडम, असले शब्द पोरींच्या कानावर पडू नयेत. या गोष्टी घरच्या. घरीच शिकवायच्या."

टाळ्या पडल्या. एलिसाने टाळ्या वाजवणारे हात पाहिले. सकाळी बाजारात याच हातांनी मासळीची पोटं दाबून पाहिली असतील, आत गाबोळी आहे की नाही ते. घरी शिकवायच्या... कुठल्या घरी? तिला स्वतःचं घर आठवलं, ओटीवर मासळी निवडणारी आई, आणि तो दिवस – ती रडत आत आली तेव्हा आईने एक फडकं दिलं, वर न बघता म्हणाली, "आता पोरांच्या संगती पान्यात उतरू नको," आणि पुढची मासळी उचलली. एवढंच. घरातलं सगळं शिक्षण एका वाक्यात, तेही खाऱ्या पाण्याबद्दल. आणि ती खरोखर उतरली नव्हती, कित्येक वर्षं, भावंडं भरतीला उड्या मारत असताना ओट्यावर बसून राहिली होती. का, ते तिला कधी कळलं नाही. पुढे एम. एस्सी.ला ते वाक्य आठवून ती वसतिगृहाच्या खोलीत एकटीच हसली होती – मूर्खपणावर हसली ती बहुधा शेवटचीच.

"आमी बघू ना घरी," मागून एक बाई उठली. सलोनीची आई, प्रेमला. तुळिंजला मासळी विकायला बसते. "पन टीचर, एक इचारायचं होतं. ही शाळेच्या पिकनिकला राजोडीला जाऊन आली, त्याच्या थोड्या दिसांनी जेवनच सोडलं. आंगोळीला पन टाळाटाळ. पान्याची भीती बसली काय, बुडली-बिडली काय तिथं?"

"काही बुडली नाही, रिसॉर्टचा स्विमिंग पूल होता, कमरेएवढा," मॅडम घाईने म्हणाल्या. "प्रेमलाताई, आपण विषयावर येऊ."

विषयावर येऊ. एलिसाने पुन्हा नोंद केली... आणि ती नोंद करता करताच तिचा हात थांबावा तसं मन थांबलं. पाणी. किती वेळ जगतात. लांबून पण पोचतात?

ती उठली. मॅडमनी "सायन्स टीचरचं मत –" असं सुरू केलं होतं. ते तिने मागेच सोडलं.

सलोनी प्रयोगशाळेच्या पायरीवर आईची वाट बघत बसली होती. एलिसा शेजारी बसली. असं ती कुणाशेजारी बसत नसे.

"पूलमध्ये काय झालं?"

"काही नाही, टीचर."

"कुणी हात लावला?"

"नाही. कोणीच नाही." मग फार हळू, "पण मुलं पण त्याच पाण्यात होती. आणि या महिन्याची माझी... आली नाही. आईने सांगितलं होतं, मुलांबरोबर पाण्यात जायचं नाही. मला वाटायचं ती उगाच सांगते. मग तुम्ही शिकवलंत." तिने वर पाहिलं. "स्पर्शही व्हावा लागत नाही."

शब्द न शब्द. एलिसाचं वाक्य, तिच्याच ठाम लयीत. घराने नियम दिला होता, शाळेने त्याला कारण पुरवलं. आणि अख्ख्या वर्गात जी एकटी ऐकत होती तिने दोन्ही जोडून उत्तर काढलं – दिलेल्या माहितीवरून अगदी बरोबर उत्तर.

"माणूस मासा नाही, सलोनी," ती म्हणाली. "तसं होत नाही. तुला काहीही झालेलं नाही. तुझ्या वयात पाळी मागेपुढे होते. भीतीनेही होते."

मुलीचे खांदे खाली आले. डोळे मात्र हलले नाहीत.

"मग माणसाचं कसं होतं?"

एक शब्द पुस्तकात होता, पिनांच्या आत. उघडला तरी तो कुणाच्या अंगाला लागेल असा नव्हता. दुसरा मुलांच्या संडासाच्या भिंतीवर होता. या दोहोंच्या मधला, एका बाईने एका मुलीला पायरीवर बसून सांगावा असा... एलिसाने तो शोधला आणि तिला कळलं की तो तिच्याकडे कधी नव्हताच. मग तिने जुन्या सवयीने कुणाला तरी तुच्छ मानायला मन वळवलं. पांडुरंगभाऊ आले, मॅडम आल्या, मासळी उचलणारी आई आली. एकेक समोर येऊन उभं राहिलं आणि कुणीच पुरलं नाही. हॉलमधून पुन्हा टाळ्या ऐकू आल्या. काय ठरलं कोण जाणे.

सलोनी वाट पाहत होती, पहिल्या बाकावरून पाहायची तशी – जे सांगाल ते खरं धरायला तयार. आणि एलिसाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, भीती वाटली ती न ऐकणाऱ्यांची नव्हे, ऐकणारीची.