मधला खंड

परीक्षण छापून आलं त्या रविवारी सकाळी टोणपे सरांच्या घरातली मधली खोली नव्हती.

घर मिरजेत, स्टेशनच्या मागच्या अंगाला. तीन खोल्या एकीमागे एक: पुढची, मधली आणि स्वयंपाकघर. सर पुढच्या खोलीत पुरवणी मांडीवर घेऊन चहाची वाट बघत होते. चहा येईना म्हणून उठले, दार ओलांडलं, आणि पाऊल थेट ओट्यापाशी पडलं. शैलाबाई पोहे परतत होत्या. सर मागे आले, पुन्हा दार ओलांडलं. पुन्हा पोहे.

"काय ये-जा लावलीय?" शैलाबाई म्हणाल्या. "बसा की एका जागी."

"मधली खोली कुठंय?"

"कसली मधली? दोन खोल्यांचं घर आपलं. चष्मा लावा आधी."

सरांनी चष्मा लावला. मधे एकच भिंत होती, विटेच्या जाडीची. तिच्या एका बाजूला कॅलेंडर आणि दुसऱ्या बाजूला चमच्यांचा स्टँड. सरांनी दोन्ही बाजूंना हात ठेवून पाहिलं, तर मधे काही मावेल अशी जागाच नव्हती. त्या खोलीत त्यांची मधली मुलगी कावेरी राहायची.

टोणपे सर ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि रविवारच्या पुरवणीत पुस्तकांवर लिहायचे. अद्भुतकथांच्या जाडजूड त्रयी हा त्यांचा प्रांत. राजवंश, राक्षस, हरवलेली तलवार, पहिल्या पानावर नकाशा असं काही आलं की संपादकबाई ते गाठोडं डोळे झाकून सरांकडे पाठवायच्या, कारण एवढाली पुस्तकं वाचायला दुसरं कुणी राजी नव्हतं. सरांनीही त्यावर तोड काढली होती. पहिला खंड ते मनापासून वाचायचे. तिसऱ्याचा शेवट मनापासून वाचायचे. मधल्याचं मलपृष्ठ वाचायचे. 'अश्मवंश' या नव्या त्रयीबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'मधला खंड गाळला असता तरी काही बिघडलं नसतं.' हे वाक्य त्यांनी आजवर बऱ्याच त्रयींबद्दल लिहिलं होतं, आणि आजवर काहीच बिघडलं नव्हतं.

थोरली मैथिली आरशापुढे वेणी घालत होती. धाकटी ऋतू जमिनीवर बसून पेन्सिलींना टोक करत होती.

"ऋतू, छोटी ताई कुठंय?" सरांनी विचारलं.

"कोण?"

"छोटी ताई. कावेरी."

"ताई ही काय, इथं," ऋतूनं मैथिलीकडे पेन्सिल दाखवली. कालपर्यंत ती मैथिलीला मोठी ताई म्हणायची. आता नुसती ताई.

सर पुन्हा स्वयंपाकघरात गेले. "शैला, आपण हिला थोरली म्हणतो आणि तिला धाकटी. मग मधली कोण?"

"एक थोरली, एक धाकटी. दोघींत तिसरं कोण बसणार?" शैलाबाईंनी बशी पुढे केली. "गार होतायत."

भिंतीवर गणपतीतला फोटो होता. त्यात थोरली आणि धाकटी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. काल त्या दोघींच्या मधे कावेरी होती. तिच्या अंगात कुठल्या रंगाचा ड्रेस होता, हे मात्र सरांना सांगता आलं नसतं.

सर माणूस तर्काचा. त्यांनी लिहिलेलं वाक्य आणि ती भिंत यांचा संबंध त्यांना लगेच कळला, लिटमस लाल झाला की कळतं तसा. उपायही कळला. दुसरा खंड वाचायचा आणि तो कसा आवश्यक आहे हे छापून आणायचं. अडचण एवढीच होती की त्यांच्याकडचा दुसरा खंड मधल्या खोलीत होता. कावेरीच तो वाचत होती. परवा पुस्तकात बोट घालून ती त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. "बाबा, खरं सगळं ह्यातच आहे. तुम्ही वाचलंत ना?" सर तेव्हा शेवटचं वाक्य जमवत होते. त्यांनी मान वर न करता "हो, हो" म्हटलं होतं.

ते तसेच वाचनालयात गेले. कपाटात 'अश्मवंश'चा पहिला आणि तिसरा खंड शेजारी शेजारी उभे होते, मधे बोटही शिरलं नसतं. ग्रंथपाल बिडकर सरांना ओळखत होते. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"दुसरा कुठंय?" सर म्हणाले.

"दोनच आहेत की सर. तुम्हीच तर लिहिलंय."

"मी लिहिलंय की मधला गाळला असता तरी चाललं असतं."

"मग?" बिडकर म्हणाले. "चाललंय की."

सर बाहेर आले तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. आत जाताना सकाळ होती. दुपार झालीच नव्हती. भाजीवाली दिव्याच्या उजेडात मेथीच्या जुड्या मांडत होती, माणसं सकाळच्या कामावरून संध्याकाळची घरी चालली होती, आणि कुणाची काही तक्रार दिसली नाही. सर झपाझप चालत घरी आले आणि भिंतीला कान लावून उभे राहिले. आतून काही ऐकू येत नव्हतं. विटेच्या आत काय ऐकू येणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं, पण कान काढला नाही.

सोमवार झाला, मंगळवार झाला आणि मग शुक्रवार उजाडला. कॉलेजात शिपायानं घंटा दिली, मुलांनी हजेरी दिली, सरांनी फळ्यावर तारीख घातली. वर्गात एकाही मुलाला बुधवार आणि गुरुवार कुठे गेले असं वाटलं नाही. सरांनी मात्र ती तारीख पुन्हा वाचली. वेळ मधूनच झिजत होता, म्हणजे त्यांना वाटलं होतं तेवढाही तो हाताशी नव्हता.

त्यांनी त्रयीच्या लेखकाला फोन लावला. लेखक बार्शीचे, हणमंत गुंड. वर्षानुवर्षं खपून त्यांनी ते तीन खंड लिहिले होते.

"सर!" गुंड म्हणाले. "मीच फोन करणार होतो. तुमचं पटलं मला. गाळला मधला."

"त्यात काय होतं?"

"कशात?"

"मधल्या खंडात."

"प्रवास होता बघा काहीतरी. माणसं चालत होती."

"कोण माणसं?"

"आता ते नाही आठवत. तुम्हाला आठवत असंल की. तुम्ही वाचलाय."

सरांनी तो वाचलाच नव्हता. तो एकीनंच वाचला होता, आणि ती त्या खंडाबरोबरच गेली होती. ते खुर्चीत बसले आणि निदान तिला तरी पुरती आठवायची असं त्यांनी ठरवलं. तिचा जन्म त्यांना नीट आठवत होता. दवाखान्यातला हिरवा पडदा, टॉवेलात गुंडाळलेलं लालबुंद तोंड, मुठी. आणि परवाची ती आठवत होती, पुस्तकात बोट घातलेली. मधलं काही हाती लागेना. ती आठवीत होती की नववीत? तिची मैत्रीण कोण? ताटात ती काय टाकायची, कशाला घाबरायची, कुणाशी भांडायची? थोरली पहिली म्हणून कौतुकाची होती, धाकटी शेंडेफळ म्हणून लाडाची. मधली आपोआप वाढली होती, घरातून ये-जा करताना दिसत होती, आणि सरांनी तिचंही मलपृष्ठच वाचलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि रडू आलं. रडताना लक्षात आलं की रविवारी जेवढी भीती वाटत होती तेवढी आता वाटत नाही. घर दोन खोल्यांचं आहे हे पायांना सवयीचं होत चाललं होतं. याची मात्र त्यांना इतकी भीती वाटली की त्यांनी तिथूनच संपादकबाईंना फोन लावला.

"मंदाकिनीबाई, माझ्या परीक्षणाची दुरुस्ती छापायची आहे. मधला खंड आवश्यक आहे."

"छापू की. का आवश्यक आहे?"

"म्हणजे?"

"वाचकांना कारण द्यायला नको का, सर? मागल्या आठवड्यात नको म्हणालात, आता हवा म्हणताय. त्यातला एक प्रसंग सांगा. एकच पुरे."

मी तो वाचलेला नाही, हे वाक्य सरांच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. पण न वाचलेला खंड आवश्यक आहे हे कुणी छापलं असतं? आणि छापलं नाही, तर भिंत तशीच राहणार. डोळ्यांपुढे कॅलेंडर टांगलेली भिंत होती, त्यामुळे सुचलं तेही भिंतीचंच.

"एक मुलगी असते," सर म्हणाले. "तिला किल्ल्याच्या भिंतीत चिणलेलं असतं. एक दिवस भिंतीला दार फुटतं आणि ती सुखरूप बाहेर येते. आपल्या माणसांत येऊन बसते."

"वा. आणि मुलगी कशी आहे? पात्राबद्दल दोन शब्द द्या."

सरांनी खूप आठवून पाहिलं. "शांत," ते म्हणाले. "समंजस. कुणाला त्रास न देणारी."

"झकास. रविवारी येईल."

रविवार लगेच आला. सर पुढच्या खोलीत डोळे उघडून उठले, दार ओलांडलं, आणि पाय ओट्यापाशी पडला नाही. मधली खोली होती. कॉट होती, फळी होती, खिडकीतून ऊन येत होतं. भिंती कोऱ्या होत्या. खिळाही नव्हता. कॉटवर एक मुलगी पाठ ताठ ठेवून, मांडीवर हात ठेवून बसली होती.

"बाबा," ती म्हणाली.

सरांनी धावत जाऊन तिला जवळ घेतलं. त्यांना हुंदका आवरेना. तिनं त्यांना रडू दिलं. जरा वेळानं त्यांनी मान मागे घेऊन तिच्याकडे पाहिलं. चेहरा मैथिलीसारखा होता आणि ऋतूसारखाही होता, दोघींची सरासरी काढावी तसा. केसांना तेलाचा, साबणाचा, कसलाच वास नव्हता.

"उठली का मधली?" स्वयंपाकघरातून शैलाबाईंनी हाक दिली. "आंघोळीला जा म्हणावं."

"जा आंघोळीला," सर म्हणाले, आणि मुलगी उठून गेली. दारात ऋतू आडवी आली. "सरक ना छोटी ताई," ती म्हणाली, अगदी रोजच्यासारखी. कुणाला काही वावगं दिसत नव्हतं.

फळीवर 'अश्मवंश'चा दुसरा खंड होता, तसाच जाड. सरांनी तो घाईघाईनं उघडला. पहिल्या पानावर किल्ला होता, भिंत होती, दार फुटत होतं आणि मुलगी आपल्या माणसांत येऊन बसत होती, त्यांनी फोनवर सांगितलं होतं त्याच शब्दांत. त्यांनी पान उलटलं. कोरं. पुढचं उलटलं, त्यापुढचं उलटलं. शेवटच्या पानापर्यंत त्यांनी सगळा खंड उलटला आणि मग तो हातात धरून उभे राहिले. मुलगी ओले केस पुसत परत आली होती.

"कावेरी," सर हळूच म्हणाले, "तू म्हणाली होतीस, खरं सगळं ह्यातच आहे. काय होतं गं?"

"तुम्ही सांगाल ते, बाबा."

सरांनी खंड फळीवर ठेवला. ही ती नव्हती, आणि जी होती तिची जागा आता हिनं भरून काढली होती. नवं दार फुटायला आता भिंतच उरली नव्हती. कुणाला सांगावं म्हणून ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. शैलाबाई पाच ताटं मांडत होत्या आणि गुणगुणत होत्या. त्यांना इतकं खुशीत बघून सरांना तोंडच उघडवेना.

दुपारही परत आली होती. सगळे जेवायला बसले. मैथिली, तिच्या शेजारी मुलगी, मग ऋतू, आणि समोर सर. शैलाबाईंनी सगळ्यांना भाकरी वाढली आणि भाजीचा डाव मुलीच्या ताटावर धरून त्या थांबल्या.

"अहो, हिला काय वाढू? मला आज काही सुचेना बघा. हिला काय आवडतं?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. मुलीनंही पाहिलं. कढईत भेंडी होती, पातेल्यात वांगं होतं. कावेरी ह्यातलं काय खायची, काय बाजूला सारायची, हे सरांनी जीव तोडून आठवलं.

"भेंडी," ते म्हणाले.

शैलाबाईंनी भेंडी वाढली. मुलीनं भाकरीचा तुकडा मोडला, भेंडी घेतली, घास तोंडात घातला आणि चावू लागली. मैथिलीनं ताक मागितलं. शैलाबाईंनी दिलं. मुलगी चावत होती. ऋतूची अर्धी भाकरी संपली. मुलगी त्याच घासाला चावत होती, न थांबता, घाई न करता, आणि तिची शांत, समंजस नजर सरांवर होती.

"मग, बाबा?" ती चावता चावता म्हणाली.

शैलाबाईंचा हात पातेल्यात थांबला. मैथिलीनं वाटी खाली ठेवली नाही आणि तोंडालाही लावली नाही.

"गिळ," सर म्हणाले.

तिनं गिळलं. मग मांडीवर हात ठेवून ती पुढचं ऐकायला सरांकडे बघत बसली. तिच्या शेजारी ऋतूही तोंडातला घास तसाच धरून त्यांच्याकडे बघत होती.