ठिपकीचा पितळी वाडगा

मित्रांनो, माझ्या काठाला पडलेला हा पोचा बघा. तो कसा पडला ते सांगायची मला लाज वाटते. तरी सांगतो.

मी एक जुना, ओतीव पितळेचा वाडगा आहे. मला भट्टीत वितळवलं, साच्यात ओतलं, कानशीने खरवडलं, तेव्हा कुठे मला आकार आला. मी इतका जड झालो, की पायावर पडलो तर माणूस चार दिवस लंगडेल. म्हणूनच या घरातल्या आईंनी मला ठिपकीपुढे ठेवलं. ठिपकी म्हणजे त्यांची मांजर. पांढरीशुभ्र, नाकावर एकच काळा ठिपका. आई मला रोज विसळून काठोकाठ भरत. ठिपकी लपलप पाणी पिई आणि मी धन्य होई.

मग बाबांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली. बाबा वेल्डर. दिवसभर अंगावर ठिणग्या आणि मुकादमाच्या शिव्या झेलून आले, की त्या माशांपुढे बसून निवत. त्याच सुमारास आई दवाखान्यात सकाळपाळीला जाऊ लागल्या. मला भरायचं काम बाबांवर आलं. टाकीतलं मीठ ते रोज मोजत. मी मात्र चार-चार दिवस कोरडा ठणठणीत!

ठिपकी माझ्या तळाला जीभ घासून घासून दमली. शेवटी ती स्टुलावर चढून टाकीतलं पाणी पिऊ लागली. खारं पाणी ते! जितकं पोटात जाई, तितकी तहान भडके. ती ओकायची आणि पुन्हा प्यायची. बाबांना वाटलं, ही माशांवर टपली आहे. त्यांनी तिला चपलेने बडवलं, झाऱ्याने झोडपलं. एकदा तर मानगूट धरून दारावर आपटलं.

एका रविवारी दुपारी टाकीतला नारिंगी मासा मेलेला दिसला. टाकीतल्याच दांडग्या निळ्या माशाने त्याचे लचके तोडले होते. मी जमिनीवरून सगळं पाहिलं होतं. पण ठिपकी नेमकी तेव्हाच टाकीच्या काठावर वाकलेली.

"मारलास ना शेवटी!" बाबांनी तिला पकडलं. तिने जिवाच्या आकांताने त्यांचं मनगट फाडलं आणि ती कोपऱ्यात उडी मारून बसली. रक्त बघून बाबांचं डोकंच फिरलं. हाताला लागलं ते त्यांनी उचललं. तो मी होतो.

"बाबा, नको!" दारातून त्यांची मुलगी किंचाळली.

मी हवेत होतो. मला थांबता येईना. ठिपकीच्या जबड्याचं हाड माझ्या काठाखाली कडकन मोडलं, आणि तिथून उसळून मी टाकीवर आदळलो. काच फुटली, मी फरशीवर आपटलो आणि माझ्या काठाला हा पोचा पडला. पाण्याचा लोंढा काचांसकट बाहेर आला. बाबा पाय घसरून पडले, काचेवर टेकलेला तळहात हाडापर्यंत चिरला. जखमेत मीठ शिरलं तसे ते गुरासारखे ओरडले. त्यांच्याभोवती मासे तडफडत होते. लाल झालेल्या पाण्यात ठिपकी निपचित पडली होती.

पुढचं मी रात्री मुलीने आईंना सांगताना ऐकलं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जबडा जुळेल. पण हिच्या अंगात मीठ भिनलंय. घरात साधं पाणी मिळत नव्हतं का हिला?"

"वाडगा होता," मुलगी म्हणाली. "पाणी नव्हतं."

बाबा शेजारीच हाताला फडकं गुंडाळून बसले होते. घरी आल्यावर त्यांनी मला पुसताना पोच्यावरून दोनदा बोट फिरवलं.

ठिपकी वाचली. मित्रांनो, मुक्या जिवाला हौसेने घरी आणता, तर त्याचं भांडं रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि राग आला, तर हातात काही उचलू नका. आम्हा भांड्यांना मागे फिरता येत नाही.

बाबा आता मला रोज भरतात. दोन बोटं वळत नाहीत, त्यामुळे थोडं सांडतं. पण त्यांची चाहूल लागली, की ठिपकी कपाटाखाली शिरते. म्हणून ते मला जमिनीवर ठेवतात, बाहेर जातात आणि दार लोटून घेतात. लपलप आवाज येईपर्यंत दाराच्या फटीतून त्यांची सावली हलत नाही.