मसाल्याच्या बाटलीतली स्टाउट

"निम्मी तर मी बेसिनमध्ये ओतली. आणि म्हणे तुस्कानोंची शिफारस!"

कुरकुर माझ्या उजव्या कानाच्या मागेच चालली होती. शनिवारी संध्याकाळी आगाशी नाक्यावरच्या वाईन शॉपपुढे माणसं अशी खेटून उभी असतात, की दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं तरी कान ठेवायचे कुठे? मी ओढणी कपाळावर ओढली. तुस्कानो म्हणजे माझा नवरा, आग्नेल. त्याचा गुडघा धरला होता, म्हणून त्याच्या रविवारच्या बाटल्या घ्यायला मी आले होते.

"पावसात भिजलेला पुठ्ठा चोखल्यासारखी लागते हो," मागचा आवाज कुणाला तरी सांगत होता. "पण त्यांना सांगायचं कुणी? आपल्याच्याने नाही होणार."

मी वळले. शत्रुघ्न गायकवाड. नोकरीभर आग्नेलच्या टेबलाला टेबल लावून बसलेला माणूस. आता चंदनसारला राहतो आणि काळ्या बियरसाठी बस बदलून आगाशीला येतो, कारण इथला दुकानदार बाटल्या उन्हात ठेवत नाही असं आग्नेलने त्याला सांगितलंय.

"अरे, वहिनी! तुम्ही!" त्याचा चेहरा क्षणात पालटला. "आत्ता आग्नेलचंच बोलत होतो. ती लाल लेबलाची स्टाउट सांगितलीन ना त्याने, काय चव! आणखी दोन घ्यायला आलोय बघा."

आणि मी बघत होते म्हणून त्या बिचाऱ्याने खरंच दोन घेतल्या.

पिशवी सांभाळत घरी येताना मला इतका वैताग आला होता, की समोरून हॉर्न देणाऱ्या रिक्षावाल्यालाही मी चार शब्द ऐकवले. माणसं इतकी चांगली का वागतात? थोडी वाईट वागली असती तर माझं काम हलकं झालं असतं.

आग्नेलचं हे काळ्या बियरचं प्रकरण आमच्या लग्नाइतकंच जुनं. त्या वर्षी बोटीवरच्या एका मित्राने त्याला आयर्लंडची स्टाउट आणून दिली होती. तोवर बियर म्हणजे पिवळी, गार आणि ऊन उतरवायला. त्याने एक घोट घेतला आणि गप्प झाला. माझ्याकडे बघून तो इतका गप्प कधी झाला नव्हता. तेव्हापासून शोध सुरू. गोव्याला गेलो काय, बेंगळुरूला लग्नाला गेलो काय, मी देऊळ-चर्च-साडी म्हणेपर्यंत हा कुठल्या तरी दुकानाच्या मागच्या फळीवरची धूळ पुसत असायचा.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा ऐकून आलं की एक बाटली. ती फ्रीजमधून काढून आधी ओट्यावर ठेवायची, कारण गारठलेली बियर तोंड उघडत नाही. ग्लास रुंद तोंडाचा. आधी नाक, मग जीभ. आणि ऐकणारा कुणी असेल तर धडा: काळ्या बियरींत पोर्टर ही थोरली. मऊ, कोकोची, पावाच्या भाजलेल्या कडेची. सुक्या बोंबलाबरोबर घ्यावी. स्टाउट तिच्या मागून आलेली, पण अंगाने थोराड आणि आडमुठी. करपवलेल्या जवाची, कोऱ्या कॉफीसारखी कडू. तिला डुकराचं झणझणीत इंद्यालच लागतं. त्याने 'काळी मंडळी' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्यात तो दर सोमवारी एक बियर सुचवायचा, आणि अर्नाळ्यापासून वसई गावापर्यंतची माणसं डोळे मिटून ती आणायची. त्याचं चुकत नसे. खरंच नसे.

मला स्वतःला रिकाम्या बाटल्यांमध्ये रस. आमच्याकडे मे महिन्यात वर्षाचा मसाला कांडून होतो, आणि तो भरायचा तो बियरच्या तपकिरी बाटलीतच. उजेड लागत नाही, रंग उतरत नाही, काठीने दाबून दाबून भरला की पुढच्या मेपर्यंत हलत नाही. त्यामुळे सोमवारी सकाळी बाटल्या धुणं माझ्याकडे. आदल्या दिवशीची बियर बाटलीच्या तळाशी वास धरून बसलेली असते. तो घेता घेता मला कोको कुठला आणि कॉफी कुठली ते कळायला लागलं. शिकवलं कुणी नाही. मोरीत उभी राहून शिकले.

मग तो ताप आला. सगळ्या जगाला आला, तसा आमच्याही घरी आला. दोघांचीही नाकं गेली. माझं महिन्याभरात परत आलं. "माझंही आलं," आग्नेल म्हणाला.

नाही आलं. ओट्यावर दूध उतू जाऊन करपत होतं, आणि हा दोन हातांवर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. वर मला विचारतो, "दूध तापवलंस का गं?" मागच्या वाडीत फणस पिकून फुटला, शेजारीपाजारी विचारून गेले, ह्याला पत्ता नाही. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या, तो शर्ट घालून मिस्साला गेला. सगळा बाक सरकून बसला. कुणी काही बोललं नाही.

मीही नाही. रोज ठरवायची, आज बोलायचंच. आणि रोज चहा ठेवायची.

पण तेव्हापासून रविवारी तो बाटली उघडली की वाटीत दोन घोट ओतून माझ्यापुढे सरकवायला लागला. "गंमत म्हणून सांग, काय वाटतं?" मी सांगायची. जळक्या भाकरीचा पापुद्रा. गूळ. ओली काथ्याची दोरी. सोमवारी ग्रुपवर यायचं, 'भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची आठवण करून देणारी पोर्टर'. लोक अंगठे द्यायचे. मला वाटायचं, सहज लक्षात राहिलं असेल त्याच्या.

ह्या वर्षी उपवासकाळात मी ठरवलं, ईस्टरपर्यंत थेंबाला शिवायचं नाही. आग्नेलचा उपवास मटणापुरता. त्या सगळ्या रविवारी त्याने एकट्यानेच बाटल्या उघडल्या आणि आठवणीतून शिफारशी केल्या. लाल लेबलाची कधी काळी चांगली होती, हे खरं. पण कंपनीने कृती बदलली की माल जुना होता, कोण जाणे. तो अजून तीच जुनी बियर पीत होता. बाकीचे पुठ्ठा पीत होते.

तर त्या वाईन शॉपच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, एरॉल यायचा होता. एरॉल हा आग्नेलचा पुतण्या. बाप लवकर गेला, तेव्हा काकानेच बोट धरलं, पुढे ग्लासही धरायला शिकवलं. आता तो गोखिवऱ्याला एका लहानशा बियरच्या कारखान्यात काम करतो. मालकाने त्याला पहिल्यांदाच स्वतःची स्टाउट करायची परवानगी दिली होती. त्याने तीन वेगवेगळे नमुने काढले होते. सोमवारी त्यातल्या एकाची मोठी टाकी लागणार होती. "कुठला ते आमचे अंकल ठरवतील," असं हे शहाणं मालकाला सांगून बसलं होतं.

दुपारी तो तीन कॅन घेऊन मागच्या दाराने आला. मी मागे अंगणात मसाला कांडणाऱ्या बायकांबरोबर होते, हळदीने कोपरापर्यंत पिवळी.

"आंटी, दोन मिनिटं," तो हळूच म्हणाला. "माझं मन दुसऱ्यावर आहे. तिसऱ्यात जव जास्त भाजले गेलेत. नुसती राख लागते. पण अंकल बोलतील तेच करणार."

"अरे, मग त्याला विचारतोस कशाला?"

"असं कसं आंटी, न विचारता?"

"आणि त्याने तिसरी सांगितली तर?"

"नाही सांगणार," एरॉल म्हणाला आणि माझ्या नजरेला नजर न देता आत गेला. त्यालाही ठाऊक होतं. म्हणजे काळ्या मंडळीतल्या एकूण एकाला ठाऊक होतं.

थोड्या वेळाने मी हात धुऊन बाहेरच्या खोलीत गेले. शत्रुघ्न येऊन बसला होता, पायाशी लाल लेबलाच्या बाटल्यांची पिशवी. बहुधा आग्नेललाच खपवायला आणली असावी. टेबलावर तीन तपकिरी बाटल्या. आग्नेलचा हट्ट असतो, बियर बाटलीतूनच ओतली पाहिजे, कॅनमधून ओतली की ती पाण्यासारखी पडते. म्हणून एरॉलने कॅनमधली बियर स्वयंपाकघरात बाटल्यांत भरून आणली होती.

"बाटल्या कुठल्या घेतल्यास रे?" मी विचारलं.

"क्रेटमधल्या. धुऊन पालथ्या घातलेल्या."

क्रेटमध्ये दोन ओळी होत्या. पुढच्या ओळीतल्या सोड्याने उकळून काढलेल्या. मागच्या ओळीत मात्र गेल्या वर्षीच्या मसाल्याच्या, नुसत्या पाण्याने विसळून ठेवलेल्या.

पहिली बाटली ठीक. दुसरीही ठीक. नुसती ठीक नाही, मला उभ्या जागी तिचा वास आला आणि एरॉलचा अभिमान वाटला. कॉफी, आणि मागून ओल्या गुळाची ढेप. आग्नेलने ग्लास फिरवला, नाक घातलं, घोट घेतला, मान डोलावली. "बरी आहे." मग माझ्याकडे पाहिलं. पण चार माणसांत मी पीत नाही, हे त्याला माहीत आहे, त्यामुळे वाटी आली नाही.

तिसरी बाटली ग्लासांत ओतली आणि अख्ख्या खोलीत आमचा मसाला पसरला. मिरची, धणे, दगडफूल, राई. कुणीतरी इंद्यालचं पातेलं आणून ठेवावं तसा. शत्रुघ्नला पहिल्याच घोटाला ठसका लागला, तो त्याने खोकल्यावर नेला. एरॉलने ग्लास ओठांना लावला आणि त्याचे डोळे माझ्याकडे वळले, एकदम गोल.

आग्नेलने डोळे मिटून लांब श्वास घेतला. एक घोट. दुसरा घोट.

"ही," तो म्हणाला. "हीच. कॉफी आहे, चॉकलेट आहे. आणि घोट उतरल्यावर घशात ऊब राहते, कळली का? ही खऱ्या स्टाउटची खूण."

ऊब! मिरचीची होती ती ऊब!

"वा!" शत्रुघ्न म्हणाला. "ऊब तर... आहेच हो. काय आम्हा गायकवाडांचं नशीब, असं चाखायला मिळतं."

"बरोबर बोलताय अंकल," एरॉल म्हणाला. त्याचा आवाज तळघरातून आल्यासारखा येत होता. "तिसरी."

मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. एवढे मोठे बाप्ये! एकाच्या जिभेला चटका बसलाय, दुसऱ्याची पहिली टाकी राखेची होऊन गटारात जाणार आहे, आणि दोघेही माना डोलवतायत नंदीबैलासारख्या. बास झालं. मी बोलणार. मी पदर खोचला, पुढे झाले, तोंड उघडलं.

"फुगे तळू का थोडे? पीठ आलंय फुगून," मी म्हणाले.

"तळ की," आग्नेल म्हणाला. "एरॉल, लाव मालकाला फोन. रविवार असला म्हणून काय, सांगून मोकळा हो. उद्या घोळ नको."

"संध्याकाळी करतो ना, अंकल."

"आत्ता कर. माझ्यासमोर. मीही बोलतो त्यांच्याशी."

एरॉलने फोन काढला. नंबर शोधायला त्याने इतका वेळ लावला, की मोबाईलमध्ये पंचायत समितीची अख्खी मतदारयादी असावी. शत्रुघ्न पंख्याकडे बघत बसला. मला दोघांना एकेक धपाटा घालावासा वाटत होता. आग्नेललाही. आणि स्वतःला तर आधी.

फोन वाजायला लागला. स्पीकरवर होता. ती रिंग सगळ्यांना ऐकू येत होती.

आग्नेलने शेवटचा घोट घ्यायला ग्लास उचलला आणि तसाच थांबला. दारातून येणाऱ्या उजेडात ग्लासच्या कडेशी फेसाबरोबर काहीतरी चिकटलेलं दिसत होतं. त्याने ते बोटावर घेतलं. चोळलं. बोट लालसर झालं. त्याने बोट नाकाशी नेलं, आणि तिथेच थोडा वेळ धरून ठेवलं.

मग त्याने टेबलाकडे पाहिलं. शत्रुघ्नचा ग्लास जेमतेम एक घोट कमी झालेला. एरॉलचाही तसाच. तिसरी बाटली. मग माझे धुऊनही हळदीने पिवळे राहिलेले हात.

"हां, एरॉल, बोल," फोनमधून मालकाचा आवाज आला. "काय म्हणतात तुझे अंकल?"

एरॉलने तोंड उघडलं. "सर, ते... अंकल म्हणाले, की तिसरी..."

आग्नेलने हात पुढे करून फोन घेतला. ते लाल बोट त्याने बाजूला धरलं होतं, फोनच्या काचेला लागू नये म्हणून. इतक्या वर्षांत मी त्याला इतक्या सावकाश काही करताना पाहिलं नव्हतं.

"नमस्कार. मी आग्नेल तुस्कानो," तो म्हणाला. "तिसरी नको. पोराचं मन कशावर आहे ते त्याला विचारा, आणि नक्की करायचं असेल तर माझी बायको सांगेल. शिफारशी खरं तर तिच्याच असतात. मला त्या तापापासून कसलाच वास येत नाही."