जिल्हाबाईंचा नवा बोसा

पहिली खुर्ची माझ्या डोक्यावरून गेली आणि बिर्याणीच्या डेगीत पडली. दुसरी चुकली नाही.

“बोसा कोन बोला रे?” नवरीचा मामा खाजा बाह्या सारत स्टेजवर चढला.

बोललो होतो मी. एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या सुरय्याच्या मुलाचा, फराजचा वलिमा, म्हणजे लग्नानंतरची दावत. भर दुपार, पाचशे माणूस आणि माईक माझ्या हातात. शेजारच्या जिल्हाबाई गिटारवर गाणार होत्या. मूळ नाव झिल्दा, ब्राझीलच्या. रिओत दोन तबकड्या निघालेल्या, चाळीस गाणी स्वतः बांधलेली. तिथल्या लष्करानं एकदा बाई गात होत्या तो बार फोडला, तबलजीचे, म्हणजे तिकडं जो कोण असतो त्याचे, दात फरशीवर सांडले. बाईंनी कडवं पुरं केलं, आवाज न चढवता. असं त्या सांगत नाहीत, मी सांगतो. मग बोटीवरच्या सोमनाथ मिस्त्रीच्या प्रेमात पडून इकडं आल्या. सोमनाथ वीज केंद्रात चिकटला आणि कॉलनीनं झिल्दाचा जिल्हा केला.

त्यांच्या गाण्याला बोसा नोव्हा म्हणतात, नोव्हा म्हणजे नवा. कानात गुपित सांगावं तसं गायचं. नाशकात ते चालेना. ऑर्केस्ट्रावाले विचारायचे, “बाई, माईक बंद हाय का तुम्ही?” तीस वर्षं वाढदिवसांना गायल्या, केक कापला की कुणी ऐकायचं नाही. सोमनाथ गेला. आता सोमवारी घशातल्या गाठीपायी स्वरयंत्रच काढणार होते. त्याआधी मराठीत बांधलेलं नवं गाणं एकदा माणसांसमोर म्हणायचं, एवढंच मागणं.

आणि मी, उर्दूचा रुबाब दाखवायला, ओरडलो, “अब जिल्हाबाई दूल्हेमियाँ को देंगी, एक नया बोसा!”

उर्दूत बोसा म्हणजे मुका. हे मला शब्दकोशानं नाही, पंधरा जणांच्या लाथांनी शिकवलं.

“अहो खाजाभाई, गाण्याचं नाव आहे ते!”

“हमारे जमाई को, भरी महफिल में?”

“दादी की उमर की है,” नवरदेवाकडचा एक जण म्हणाला, “दुआ समझ के ले लेगा. तेरा क्या जाता है?”

खाजाचा गुद्दा त्याच्या तोंडावर बसला. नाक मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा आला. मग झारे निघाले, परातीही. कुणीतरी बाईंची गिटार हिसकून खाजाच्या पाठीत घातली. तुटलेल्या तारेनं बाईंचा गाल चिरला.

“जिल्हाबाई, चला! जीव घेतील!”

बाई हलल्या नाहीत. ओठ मात्र हलत होते. रक्तानं माखलेला कान मी त्यांच्या तोंडाशी नेला, तेव्हा कळलं. गात होत्या. बोटांनी मांडीवर ठेका. दोरीवरच्या शर्टाचं गाणं होतं: माणूस गेला, बाहीत कोपराचा बाक तेवढा राहिला. डेग उलटली, कुणाचा तरी दात माझ्या चपलेखाली कचकला. बाईंनी एकही ओळ घाईनं म्हटली नाही. पाचशे माणसांत श्रोता मी एकटा.

बुधवारी दवाखान्यात सुरय्या डबा घेऊन आली. “यादवमामा, आमच्यापायी बाईंचं गाणं राहिलं हो.”

“राहिलं कुठं? पुरं झालं. ऐक.” मी सुरू केलं. वॉर्ड दणाणला, नर्स धावत आली.

गळ्याला पट्टी बांधलेल्या जिल्हाबाईंनी डोळे उघडले. हात उचलून माझ्या फुटक्या ओठांवर अलगद ठेवला. मी आवाज उतरवला. हात तसाच. आणखी उतरवला.

सुरय्यानं डबा खाली ठेवला, पदर मागं सारला आणि कान पुढं केला.